डाव्या सिलेंडरवरची रेघ

भंगारवाल्यानं मला ती चासी दाखवली तेव्हा तिच्यावर दोन कोंबड्या बसल्या होत्या. त्याचं आवार बारामतीत इंदापूर रस्त्याला होतं. दर गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, माझी एक चक्कर तिथं ठरलेली. मी एका कारखान्यात टर्नर होतो. सहा दिवस लेथवर एकसारख्या पिना काढायच्या आणि सातव्या दिवशी जुन्या जपानी मोटरसायकली धुंडाळायच्या, असं माझं नव्वदच्या दशकातलं आयुष्य होतं. लोक तेव्हा शंभर सीसीच्या नव्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांच्या मागं होते. मला वेड होतं ते साठ-सत्तरच्या दशकात बोटीतून आलेल्या, दोन सिलेंडरच्या, मागून निळा धूर सोडत जाणाऱ्या गाड्यांचं.

त्यांचे पार्ट कुठंच मिळत नसत. आणि जे मिळत ते मेलेले असत. गावोगावच्या मेकॅनिककडं जुने इंचाचे पाने असायचे. ते जपानी नटांना जवळपास बसायचे, नीट बसायचे नाहीत, आणि दोन झटक्यांत नटाचे कोपरे गोल व्हायचे. जपानी स्क्रूचंही तसंच. दिसायला साधा फुलीचा स्क्रू, पण आपला पेचकस त्यात घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. मी एका पेचकसाचं टोक घासून त्यांच्यासाठी वेगळं करून ठेवलं होतं.

म्हणून कोंबड्या हाकलून मी वाकलो, तेव्हा आधी नटांकडं बघितलं. चासीला इंजिनाचा खालचा भाग तेवढा लटकत होता, ज्याला आम्ही क्रँककेस म्हणतो. उजवा सिलेंडर जागेवर होता, डावा नव्हता. टाकी, कार्बोरेटर, सीट, काहीच नव्हतं. पुढचे फोर्क मागं वाकलेले, म्हणजे गाडी कशावर तरी जोरात आदळलेली. पण एकाही नटाचा कोपरा गेलेला नव्हता. एकाही स्क्रूचं डोकं फुटलेलं नव्हतं. ज्यानं ही गाडी खोलली त्याचा हात चांगला होता.

आणखी एक गोष्ट दिसली. डाव्या सिलेंडरच्या रिकाम्या जागी, क्रँककेसच्या काठावर, छिन्नीनं मारलेली एक बारीक रेघ होती. खालून येऊन काठावर तुटलेली. अर्धीच.

मी ती गाडी हातगाडीवर घालून घरी आणली. घरामागं पत्र्याची शेड होती. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ही तर नुसती हाडंच आहेत."

फोर्क मी कारखान्यातल्या प्रेसवर, साहेबांची परवानगी काढून, सरळ केले. डाव्या सिलेंडरसाठी मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात तीन हेलपाटे झाले. रिंगा मिळाल्या, पिस्टन मिळाला, सिलेंडर नाही.

तो मिळाला लासुर्ण्यात. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या घरी जेवायला गेलो होतो. ओसरीवर बसलो तर वाऱ्यानं दार हलू नये म्हणून त्याला काहीतरी जड टेकवून ठेवलेलं. गोल, अंगभर पात्यांच्या चकत्या असलेलं, शेणामातीनं माखलेलं. मी जेवण सोडून उठलो. सोबत्याची म्हातारी आई हसायला लागली.

"घिऊन जा की," ती म्हणाली. "पन दाराला दुसरं कायतरी आणून दे बाबा. लई आपटतंय."

पुढच्या आठवड्यात मी तिला लेथचं एक झिजलेलं गिअर नेऊन दिलं. ते तिला जास्त आवडलं, वजनदार होतं.

सिलेंडर मी गुरुवारी दुपारी धुतला. वीज गेली होती. एमआयडीसी बंद, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बंद, शेडच्या पत्र्यावर ऊन नुसतं तडतडत होतं. रॉकेलनं माती निघाली तशी सिलेंडरच्या खालच्या काठावर एक रेघ दिसायला लागली. छिन्नीची. मी तिच्यावरून नख फिरवलं. मग गॅस्केट लावून सिलेंडर क्रँककेसवर ठेवला आणि थोडा फिरवून बोल्टांवर बसवला.

रेघेला रेघ मिळाली. वरून सुरू झालेली खूण जोडावरून खाली उतरली, कुठं केसभरही न हलता. एकाच घावात मारलेली रेघ होती ती.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? एका गाडीचे दोन भाग दोन गावांत गेले असतील. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मी हात मागं घेतला आणि शेडच्या बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. त्या कडक उन्हात अंगावर काटा होता.

आमच्या घरी भुतंखेतं नव्हती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देवांबरोबर अंगारे-धुपारे, उतारे, सगळंच त्यांनी ओढ्याला सोडलं होतं. लहानपणी मी कशाला भ्यालो की वडील माझा हात धरून तिथपर्यंत न्यायचे आणि म्हणायचे, "हात लावून बघ." झाडाच्या सावलीला, पडक्या विहिरीच्या काठाला, वाळत घातलेल्या धोतराला मी असा हात लावत मोठा झालो. म्हणून मी परत आत गेलो, रेघेवर हात ठेवला आणि बोल्ट आवळले.

पुढच्या वर्षभरात गाडी माझ्याकडं येत गेली. दुसरा शब्द मला सुचत नाही. इंदापुरात एका गॅरेजवाल्याकडं जुन्या प्लगच्या डब्यात दोन कार्बोरेटर मिळाले. एकावर पंचचा एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. घरी येऊन बघितलं तर उजव्या सिलेंडरच्या तोंडावर एक ठिपका होता आणि लासुर्ण्याच्या डाव्यावर दोन. गॅरेजवाल्याला मी विचारलं होतं, हे आले कुठून? तो म्हणाला, "एक म्हातारा सायकलीवर आला हुता. फुकट दिऊन गेला. म्हणला, ठिवा, पर गाडीला लावू नका."

"का?"

"इचारलं म्या. त्यो निघून गेला."

मग सांगवीला टाकी सापडली. एका बागायतदाराच्या पंपाच्या खोलीत ती डिझेल साठवायला वापरत होते. आकाशी रंगाची होती, पुढच्या बाजूला मोठा पोचा. तो शेतकरी माझ्याच वयाचा. त्यानं सांगितलं, टाकी त्याच्या वडलांनी घेतली होती. सायकलवरच्या एका म्हाताऱ्याकडून. कऱ्हाटीकडचा होता म्हणे. "आमच्या तात्यांना त्यानं शपथ घातली हुती, गाडीला लावायची न्हाय म्हणून. पर तात्या गेलं आता. तुमी न्या."

टाकी मी एसटीच्या टपावर टाकून घरी आणली. रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"हे आपोआप विखुरलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम वेगळं केलंय. आणि तुम्ही ते जोडताय."

"लोखंड आहे गं नुसतं."

"मग त्या माणसाला लोखंड एवढ्या लांब का न्यावंसं वाटलं?"

मी काम मात्र थांबवलं नाही. हँडल मिळालं तेव्हा उजव्या मुठीच्या रबरावर अंगठ्याचा खड्डा पडलेला होता. मी मूठ धरली आणि माझा अंगठा त्या खड्ड्यात बसला. नवं रबर घालणं अवघड नव्हतं. मी घातलं नाही.

शेवटी एकच गोष्ट राहिली. पायाखालच्या पेडलपासून मागच्या ब्रेकपर्यंत जाणारा रॉड. हातभर लांबीची साधी सळई, टोकाला आटे, त्यावर ब्रेक कमी-जास्त करायचा नट. ती कुठंच सापडेना. मग मी लेथवर नवी केली. दहा मिनिटांचं काम.

गाडी चौथ्या किकला चालू झाली. आधी उजवा सिलेंडर एकटाच खोकला, मग डाव्यानं त्याला धरलं, आणि शेडचा पत्रा थरथरायला लागला. त्या जातीच्या इंजिनाचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. वर चढताना किंचाळतो, खाली येताना टणटणतो. बायको बाहेर आली, हसली, आणि मग म्हणाली, "कऱ्हाटीला जाणार ना तुम्ही?"

मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं.

जायचं होतं तर एसटीनं जायचं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण भीती वाटली त्या गोष्टीला हात लावून बघायची माझी सवय, आणि नुकत्याच चालू झालेल्या गाडीचा ताठा, दोन्ही एकत्र आले. गुरुवारी सकाळी मी मोरगाव रस्त्याला लागलो. उसाचा पट्टा मागं पडला, कऱ्हेकाठचं कोरडं रान सुरू झालं. गाडी उत्तम चालली होती. कऱ्हाटीच्या अलीकडं एक माणूस बैल हाकत येत होता. आवाज ऐकून त्यानं न बघताच हात वर केला, ओळखीच्याला करतात तसा. मग मान वळवली, आणि हात तसाच वर राहिला.

गावात शिरलो तर एका दुकानापुढं चार माणसं बसली होती. चौघंही उभी राहिली. मी गाडी हळू केली, पण बंद केली नाही. कुणाचं घर विचारायचं, हेच मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत त्यातल्या एकानं बोट केलं. वस्तीच्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली, मातीच्या भिंतीचं घर.

मी तिथं जाऊन गाडी बंद केली. लिंबाखाली एक सत्तरीचे आबा विळ्याला कानस मारत बसले होते. ते माझ्याकडं बघत नव्हते. गाडीकडं बघत होते. तेवढ्यात घरातून बाईचा आवाज आला, रोजच्यासारखा, थोडा वैतागलेला.

"आज लवकर आलास?"

आबांच्या हातातली कानस थांबली.

"हात-पाय धू," आतून आवाज आला. "भाकरी हुतीच हाय."

मी आबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की गप्प रहा म्हणून, ते कळलं नाही. मी गप्प राहिलो. दारात एक वाकलेली म्हातारी आली, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं, आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत गेली.

"तिच्या आता ध्यानात ऱ्हात न्हाय," आबा हळूच म्हणाले. "डोळ्यांनीबी दिसत न्हाय धड." मग म्हणाले, "कुणी जोडली ही?"

"मी, आबा."

"समदी?"

"सगळी. मागच्या ब्रेकचा रॉड तेवढा मी नवा केलाय. जुना सापडला नाही."

"त्यो सापडायचा न्हाय," ते म्हणाले. "त्यो घरात हाय."

मग ते उठले आणि गाडीभोवती फिरले. कुठं काय आहे हे त्यांना बघावं लागत नव्हतं. त्यांचं बोट थेट डाव्या सिलेंडरच्या रेघेवर गेलं, मग कार्बोरेटरच्या ठिपक्यांवर, मग अशा दोन ठिकाणी जिथल्या खुणा मला दिसल्याच नव्हत्या. आबा साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते. गाडी त्यांच्या मुलाची. पुण्यातून जुनी घेतलेली. आठ वर्षांमागं एका पहाटे, रातपाळी करून येताना, कॅनॉलच्या पुलाजवळ तो उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं जीव सोडला. गळीत हंगाम चालू होता, आबांना निरोप उशिरा मिळाला. ते पोचले तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आदल्या सांजच्याला मागला ब्रेक म्या आवळून दिला हुता," ते म्हणाले. "ढिला लागतोय म्हणला त्यो. म्या नट फिरीवला. दोन आटं."

पुढं त्यांनी जास्त सांगितलं नाही, पण मला कळलं. मिलमध्ये ब्रेकडाऊन झाला की सगळं खोलायचं, चूक शोधायची. त्यांनी गाडी खोलली. एक एक भाग मोजला, उन्हात धरून बघितला. चूक सापडली नाही. खोलण्याआधी खुणा मारल्या होत्या, कारण हाताला दुसरं माहीत नव्हतं. पण परत जोडायचं म्हटलं तर हात उचलेना. फेकवेनाही. चासी टेम्पोतून भंगारात गेली, बाकीचं सायकलवर बांधून त्यांनी लांब लांब पोचवलं.

"माझं चुकलं, आबा," मी म्हणालो. "गाडी घेऊन यायला नको होतं."

त्यांनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "भाकरी खाऊन जा. ती थांबलीय."

मी हात धुतले आणि आत गेलो. म्हातारीनं मला वाढलं. ठेचा बाजूला सारून मला दूध-भाकरी कुस्करून दिली, कारण तिच्या मुलाला तिखट सोसत नव्हतं. मला तिखट लागतं. मी दूध-भाकरी खाल्ली.

पुढच्या गुरुवारी मी एसटीनं गेलो. म्हटलं, माणूस म्हणून जाऊ, आवाज नको. म्हातारी दारातच बसली होती. मी जवळ गेलो तर तिनं माझ्या तोंडाकडं अनोळखी नजरेनं बघितलं.

"कोण पायजे?"

"आबा आहेत का?"

"रानात गेल्यात. येतील." मग जागा करून देत म्हणाली, "बसा. माझा पोरगा यायचाय गाडीवर. त्याची गाठ घिऊन जावा."

मी तिच्याजवळ बसलो. ती मोरगाव रस्त्याकडं कान लावून होती. ट्रॅक्टर गेला की मान उचलायची, आणि तो नाही हे कळलं की खाली घालायची. मध्येच मला म्हणाली, "येईल, येईल, तुमी कटाळू नगा." ज्याची ती वाट बघत होती तो मीच, आणि तिच्या शेजारी बसून दुपारभर मीही माझीच वाट बघितली. उन्हं लिंबाच्या बुंध्यावरून भिंतीवर गेली. आयुष्यात मी एवढा घाबरलो नव्हतो, आणि इथं हात लावून बघण्यासारखं काही नव्हतं.

आबा आले तेव्हा मी उठून त्यांच्याबरोबर बांधापर्यंत गेलो. ते म्हणाले, "आठ वर्सांत तिनं वाट बघायचं सोडलं हुतं. आता सकाळपास्नं दारात बसती. तुमी आवाज ऐकवला."

"काय करू मी?"

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. "या," ते म्हणाले. "गाडीवरच या. आता येत ऱ्हावा."

म्हणून मी जात राहिलो. दर गुरुवारी, नाहीतर पंधरवड्याला तरी एकदा. आवाज पोचला की आतून तेच शब्द यायचे, त्याच सुरात: आज लवकर आलास? मी कितीही उशिरा गेलो तरी तेच. मी जास्त बोलायचो नाही. व्हय, न्हाय, जेवलो. तिला तेवढं पुरायचं. बायकोला हे पसंत नव्हतं. "तिथून आलात की तुम्ही दोन दिवस माझ्याशीसुद्धा असंच बोलता," ती म्हणायची. "व्हय आणि न्हाय." ते खरं होतं. एकदा मी ताटातला ठेचा बाजूला सारला आणि ती माझ्याकडं बघत राहिली. मग एका गुरुवारी तीच मागं बसून आली. म्हातारीनं तिच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला, आणि मला म्हणाली, "हिला मागं बसवून जोरात जाऊ नगंस." त्यानंतर बायकोनं कधी विरोध केला नाही.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. मी अंगणात गाडीचा प्लग साफ करत होतो. आबा लिंबाखाली विळ्याला कानस मारत, म्हातारी माझ्याजवळ पोत्यावर. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मध्येच थांबून म्हणाली, "म्या बोलवायला नगं हुतं तुला त्या दिशी."

मी मान वर केली नाही. "कधी, आई?"

"रातपाळी झाली हुती तुजी. तितंच झोपायचं सोडून म्याच निरोप धाडला, सकाळीच ये म्हणून. पोरीकडचं येनार हुतं ना बगायला." तिचा हात परत फिरायला लागला. "डोळा लागला तुजा. दवाखान्यात तूच म्हणलास की. आई, डोळा लागला, ट्रॉली दिसलीच न्हाय, बिरेकवर पायच गेला न्हाय. म्हणलास, ह्यांना सांगू नगं, ते म्हणतील गाडी घ्यायलाच नगं हुती. न्हाय सांगितलं म्या. आजून न्हाय सांगितलं बग."

कानशीचा आवाज थांबला होता. किती वेळापासून थांबला होता, कुणास ठाऊक. मी प्लग हातात धरून बसलो. मागं वळायचं धाडस होईना.

आबा उठल्याचं ऐकू आलं. ते आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सळई होती. फडकं सोडलं. तेल लावून ठेवलेली, एक डाग नसलेली. त्यांनी नट बोटानं फिरवून बघितला. दोन आटे पुढं, दोन आटे मागं.

"बरूबर हुतं," ते म्हणाले. कुणाला, ते माहीत नाही. "म्या बरूबर आवळला हुता."

मला वाटलं होतं, असं काही कळलं की माणूस मोकळा होतो. त्यांचं तोंड तसं दिसत नव्हतं. आठ वर्षं एक चूक शोधायची होती, ती आता शोधायची राहिली नव्हती, आणि मुलगा तर नव्हताच. ते उन्हात तसेच उभे राहिले. मग म्हातारीजवळ येऊन बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना तिच्याजवळ बसलेलं पहिल्यांदाच बघितलं. ती म्हणाली, "ह्यो बगा, आज लवकर आलाय." ते म्हणाले, "व्हय. बरं झालं."

सळई त्यांनी मला दिली नाही आणि मी मागितली नाही.

म्हातारी त्याच वर्षी, सुगीच्या दिवसांत, झोपेत गेली. निरोप कारखान्याच्या फोनवर आला. मी एसटीनं गेलो. लोकांनी मला वाट करून दिली, पुढं उभं केलं, आणि कुणी मी कोण हे विचारलं नाही. त्यानंतर काही महिने मी गाडीला हात लावला नाही. मग एका गुरुवारी आबाच बारामतीला आले, शेडमध्ये शिरले, आणि म्हणाले, "डावा पिस्टन वाजतोय. मला तिकडंच ऐकू यायचं." आम्ही दोघांनी मिळून इंजिन खोललं. खरंच रिंग गेली होती. त्यांचं बोट अजूनही माझ्यापेक्षा बारीक काम करायचं. त्यानंतर ते पुष्कळदा आले. बायको त्यांना जेवल्याशिवाय सोडायची नाही. मुलाविषयी ते आमच्याकडं कधी बोलले नाहीत.

मुलगी झाल्यावर घरात जागा कमी पडायला लागली, आणि मी गाडी कोल्हापूरच्या एका शौकीन माणसाला देऊन टाकली. टेम्पो आला त्या दिवशी आबांना बोलावलं होतं. आम्ही दोघांनी दोरानं गाडी बांधली, चाकांखाली विटा लावल्या. टेम्पो गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासा झाला, तरी आबा मान तिरकी करून तसेच उभे.

"तुमाला येतंय का काय ऐकू?" त्यांनी विचारलं.

मी नीट कान दिला. गिरणीचा पट्टा, कुणाच्या तरी अंगणात नळ, बाकी काही नाही.

"नाही, आबा."

"मलाबी न्हाय," ते म्हणाले, आणि आम्ही आत चहाला गेलो.